उंचावलेली जीप आणि तिचे सुकाणू

भाषेच्या मास्तराने यंत्रांच्या वाटेस का जावे, अशी पृच्छा या सदराच्या वाचकांकडून अधूनमधून होते. माझे उत्तर ठरलेले आहे. यंत्र हेही एक वाक्यच असते. वाक्यातला कर्ता बदलला की क्रियापदाला त्याच्यामागे जावे लागते. तसे न केल्यास वाक्य लंगडते, आणि ऐकणाऱ्याला ते कोठे लंगडले हे सांगता आले नाही तरी खटकते खास. या खेपेस ज्या पत्राचा विचार करावयाचा आहे ते पत्र अशाच एका खटकण्यातून आले आहे.

पत्र खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे आहे. त्यांच्या चिरंजीवांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जिप्सी घेतली, तिला नवे रूप दिले, मोठी चाके बसविली आणि एका गॅरेजातून ती चांगली वीतभर उंच करून आणली. जंगलातल्या वाटा, ओढे, चिखल यांत गाडी आता कोठेही अडत नाही, याचा घरात सर्वांना अभिमानही आहे. परंतु कुलदेवतेच्या दर्शनासाठी चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना या बाईंच्या ध्यानी एक गोष्ट आली. उतारावर ब्रेक दाबला की गाडी सरळ न थांबता एका अंगाला सरकते, आणि दर वेळी त्याच अंगाला. त्यांनी हे बोलून दाखविले. मुलाने तत्परतेने गाडी चाकांच्या अलाइनमेंटला नेली. संगणकाने छापून दिलेल्या कागदावर सारे आकडे बरोबर आहेत. "आई, तुला उगीच भीती वाटते," असे म्हणून त्याने तो कागद त्यांच्या हाती ठेवला. बाई विचारतात : मास्तर, माझे मन खोटे की तो कागद?

उत्तर प्रथमच देऊन टाकतो. दोन्ही खरे आहेत. कागद उभ्या गाडीचा आहे आणि बाईंची शंका चालत्या गाडीची आहे. हे कसे, ते समजून घ्यावयाचे तर थोडी भूमिती करावी लागेल. पण ती नववीच्या वर्गापलीकडची नाही.

आपल्या भागात जीपगाडीचे वेड नवे नाही. महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीप येथे जोडावयास घेतली तेव्हापासून पाटलाचा वाडा, जंगलखाते आणि जीप यांचे नाते जडले. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. ती आता बनत नाही, परंतु लष्कराने काढलेल्या गाड्या लिलावातून लोकांच्या हाती येतात, आणि बेळगावसारख्या छावणीच्या गावात त्यांचे आकर्षण अधिकच. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जीपगाड्या जोडण्या-बदलण्यासाठीच प्रसिद्धी पावले. गोव्यात २०१४ पासून पावसाळी रानवाटांवर रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि आमच्याकडील तरुणांना आपलीही गाडी तशी असावी असे वाटू लागले. यात गैर काही नाही. ज्याला खरोखरच दगडाधोंड्यांतून जावयाचे आहे त्याची गाडी उंच असली पाहिजे. गाडी उंच केली यात चूक नाही. तिच्याबरोबर जे बदलावयास हवे होते ते बदलले की नाही, एवढाच प्रश्न.

स्टिअरिंगला मराठीत आपण सुकाणू म्हणतो. हा शब्द आपल्याकडे अरबी खलाशांच्या भाषेतून आला. तिकडे होडीच्या वळवणीला 'सुक्कान' म्हणतात. होडीचे सुकाणू एक आणि तेही मागे. मोटारीची वळणारी चाके दोन आणि तीही पुढे, आणि सारा घोळ या 'दोन'मुळेच आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात जाते व बाहेरचे मोठ्या वर्तुळात. दोन्ही चाके सारखीच वळविली तर त्यांतले एक फरफटत जाणार. जुन्या चारचाकी घोडागाड्यांत ही अडचण नव्हती, कारण तेथे पुढचा आस सबंधच मधल्या खिळ्याभोवती फिरत असे. पण तसा आस फिरला की गाडीची बैठक अरुंद होते आणि ती उलटू पाहते. यावर तोड म्हणून म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिराने आस स्थिर ठेवून दोन्ही टोकांची चाकेच स्वतंत्रपणे वळतील अशी योजना केली. लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान याने घेतले. हा आकरमान व्यवसायाने चित्रे व पुस्तके प्रसिद्ध करणारा. कारागीर विस्मृतीत गेला आणि जगभरच्या अभियांत्रिकी पुस्तकांत नाव राहिले ते प्रकाशकाचे! आम्हा लेखकमंडळींना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पुढे १८७८ साली फ्रान्समध्ये शार्ल झांतो याने या योजनेला भूमितीची शिस्त लावली. दोन्ही पुढच्या चाकांपासून मागे निघणाऱ्या तरफा किंचित आत झुकलेल्या असाव्यात. इतक्या की त्यांच्या रेषा मागे वाढविल्या तर त्या मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात. मग आतले चाक आपोआप अधिक वळते. उदाहरणार्थ, चाकांमधील रुंदी १.३ मीटर, पुढच्या-मागच्या आसांतील अंतर २.४ मीटर आणि वळणाची त्रिज्या ६ मीटर धरली, तर आतले चाक सुमारे २४ अंश आणि बाहेरचे २० अंश वळावयास हवे. हा चार अंशांचा फरक कोणतेही दातेरी चाक न वापरता केवळ तरफेच्या झुकावातून मिळतो. त्यात एक अटही दडलेली आहे. दगड लागू नये म्हणून कोणी चाके जोडणारा दांडा आसाच्या मागून काढून पुढे नेला आणि तरफा तशाच आत झुकलेल्या ठेवल्या, तर सारे उलटे होते. आतले चाक कमी वळते, बाहेरचे अधिक. पुढे नेल्यास तरफा बाहेर झुकलेल्या हव्यात, आणि तेथे तर चाकाची रिम व ब्रेक आडवे येतात. म्हणून जाणकार कारागीर हा दांडा पुढे नेत नाही. तो मागेच ठेवून वर चढवितो.

आता नावे नीट लावून घेऊ. गॅरेजात जी चालतात तीच वापरतो. हातातल्या चक्राखाली स्टिअरिंगची पेटी असते. तिच्यातून बाहेर आलेला आखूड हात म्हणजे पिटमन आर्म. त्याच्या टोकापासून गाडीखालून आडवा जाऊन बहुधा पलीकडच्या चाकाशी पोचणारा लांब दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. चाक ज्याच्यावर वळते ते नकल. त्यातून निघालेली तरफ म्हणजे स्टिअरिंग आर्म. आणि दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा दांडा तो टाय रॉड. जुन्या विलीस जीपमध्ये ड्रॅग लिंक आडवी नसून पुढे-मागे धावते आणि बेल क्रँक नावाच्या कोनी तरफेवर जोर देते. तेथील हिशेब थोडा निराळा आहे, तो आज बाजूला ठेवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्टिअरिंगची पेटी गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसिसवर बसलेली असते. नकल व टाय रॉड हे ॲक्सलवर असतात. चॅसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये कमानीचे पाटे आहेत, आणि पाट्यांचे कामच मुळी या दोघांना एकमेकांपासून वरखाली होऊ देणे हे आहे. म्हणजे ड्रॅग लिंकचे एक टोक एका घरात आणि दुसरे टोक दुसऱ्या घरात. आणि ही दोन घरे सतत हलत असतात. टाय रॉडची दोन्ही टोके मात्र एकाच घरात आहेत.

जिप्सीत पाटे मुळात ॲक्सलच्या खाली बसविलेले असतात. गाडी उंच करण्याची लोकप्रिय रीत म्हणजे ते पाटे काढून ॲक्सलच्या वर बसविणे. ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून गाडी एका झटक्यात पाच-सहा इंच उंच होते. गाडीसोबत स्टिअरिंगची पेटीही तितकीच वर जाते. नकल मात्र ॲक्सलवर, जेथे होती तेथेच राहते. पूर्वी जवळजवळ आडवी असलेली ड्रॅग लिंक आता छपराच्या वाशासारखी तिरपी उतरते.

या तिरपेपणाने काय बिघडते? ड्रॅग लिंक ही पिटमन आर्मच्या टोकाभोवती कंपासच्या भुजेसारखी फिरते. ॲक्सल वर उचलला गेला की तिचे दुसरे टोक सरळ वर न जाता वर्तुळाच्या कंसावरून जाते. पायथागोरसला स्मरून हिशेब करू. दांड्याची लांबी ९०० मिलिमीटर धरा. दांडा अगदी आडवा असताना चाक खड्ड्याच्या काठावर आपटून ५० मिलिमीटर वर गेले, तर ९००च्या वर्गातून ५०चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढल्यास सुमारे ८९८.६ येतात. म्हणजे दांड्याची आडवी पोच अवघी १.४ मिलिमीटरने बदलली. तरफेची लांबी १५० मिलिमीटर असेल तर चाक सुमारे अर्धा अंश वळले. चालविणाऱ्याला ते कळणारही नाही.

आता गाडी १५० मिलिमीटर उंच केली. दांड्याचे चाकाकडील टोक पेटीकडील टोकाच्या तितकेच खाली आले. या स्थितीत आडवी पोच ८८७.४. त्याच खड्ड्यात चाक पुन्हा ५० मिलिमीटर वर गेले की टोकांतील उंचीचा फरक १०० उरतो आणि पोच होते ८९४.४. फरक सात मिलिमीटरांचा. म्हणजे मघाच्या पाचपट. चाके २.७ अंश वळली. आणि ती कोणी वळविली? कोणीच नाही. चालविणाऱ्याचे हात स्थिर होते.

२.७ अंश हा आकडा कागदावर क्षुल्लक दिसतो. २.४ मीटर अंतराच्या गाडीला तो सुमारे ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर घालतो. त्या वळणावर दहा मीटर पुढे जाईतो गाडी मूळ रेषेपासून सुमारे एक मीटर बाजूला गेलेली असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने हे दहा मीटर जावयास एक सेकंदही पुरा लागत नाही. घाटात एका बाजूस कठडा आणि दुसऱ्या बाजूस समोरून येणारा मालट्रक असताना एक मीटर म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

खड्ड्याचा गचका क्षणिक असतो. गाडी जाते व परत येते. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे पाटे दबतात. गाडी जितकी उंच तितका हा भार अधिक येतो. उतारावर तो आणखी वाढतो. आणि ब्रेकवर पाय आहे तोवर पाटे दबलेलेच राहतात. म्हणून चाकेही वळलेलीच राहतात, आणि दर वेळी त्याच दिशेला. पत्रलेखिका भगिनींना चोर्ल्याच्या उतारावर जे जाणवले ते तंतोतंत हेच असावे. इंग्रजीत याला बंप स्टिअर म्हणतात. मी त्याला 'गचक्याचे वळण' म्हणेन. याहून बरा शब्द कोणी सुचविल्यास स्वागत आहे.

मग अलाइनमेंटच्या यंत्राला हे का दिसले नाही? कारण ते यंत्र सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीची चाके परस्परांशी कशी आहेत, हे मोजते. चाकांची पुढची टोके मागच्या टोकांपेक्षा किती जवळ, याला टो म्हणतात. जिप्सीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत दोन्ही चाके एकाच टाय रॉडने बांधलेली आहेत, आणि त्या दांड्याची दोन्ही टोके त्याच ॲक्सलवर. ॲक्सल सबंध वरखाली झाला तरी चाकांमधील संबंध ढळत नाही. दोघे मिळून, हातात हात घालून, एकाच बाजूला वळतात. टो आधीही बरोबर, नंतरही बरोबर. घरातील दोघे भाऊ एकमताने चुकीच्या गाडीत बसावेत आणि त्यांच्यात मतभेद नाही एवढेच शेजाऱ्याने सांगावे, तसा हा प्रकार आहे.

घरच्या घरी परीक्षा करावयाची असल्यास ती सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, चाके सरळ ठेवावीत, किल्लीने स्टिअरिंगचे कुलूप उघडे ठेवावे. दोन दणकट माणसांनी पुढच्या बंपरवर भार देऊन गाडी खालीवर झुलवावी. तिसऱ्याने आत बसून, हात न लावता, चक्राकडे पाहावे. ड्रॅग लिंक आडवी असलेल्या गाडीत चक्र जवळजवळ स्वस्थ राहील. उंचावलेल्या आणि दुरुस्त न केलेल्या गाडीत ते झुल्याबरोबर डावी-उजवीकडे डोलू लागेल. आमचा एक माजी विद्यार्थी उद्यमबागेत गाड्यांचेच काम करतो, तो म्हणाला, "सर, ही परीक्षा गिऱ्हाइकाला एकदा दाखविली की पुढे काहीच समजावून सांगावे लागत नाही." ब्रेक दोन्ही बाजूंना कमीअधिक लागत असले तरी गाडी ओढते, हे खरे. पण तो दोष केवळ ब्रेक दाबल्यावरच दिसतो. गचक्याचे वळण ब्रेकवाचून, नुसत्या उंचवट्यावरही दिसते. दोन्हींची शहानिशा करावी.

उपायांविषयी लिहिताना थोडे कठोर व्हावे लागेल, कारण या क्षेत्रात अपाय स्वस्त आणि सर्वत्र मिळतात. पहिला अपाय : दांडा तिरपा होऊन त्याची आडवी पोच कमी झाल्याने चाके चार-पाच अंश आधीच वळतात आणि हातातले चक्र वाकडे दिसते. तेव्हा कारागीर चक्र उपटून सरळ करून पुन्हा बसवितो. डोळ्यांना बरे वाटते. परंतु पेटीच्या आतले दाते मध्यावर नसतात. या पेट्यांची जडणघडण अशी की दात्यांची घट्ट पकड नेमकी मध्यावर असते. मध्य ढळला की सरळ रस्त्यावर चक्रात खेळ येतो, आणि एका बाजूला गाडी जेवढी वळते तेवढी दुसऱ्या बाजूला वळत नाही. पेटी मध्यावर आणून ड्रॅग लिंकची लांबी तिच्या आट्यांनी जुळविणे ही खरी रीत.

दुसरा अपाय : वर गेलेले पाटे दांड्याच्या वाटेत आल्यामुळे तोच दांडा भट्टीत वा गॅसच्या ज्योतीवर तापवून 'झेड' आकारात वाकविणे. सरळ दांडा ओढ आणि दाब सरळ झेलतो. वाकलेल्या दांड्यात प्रत्येक दाबाबरोबर वाक वाढू पाहतो. तो अंशतः स्प्रिंगप्रमाणे वागतो. शिवाय तापविलेल्या पोलादाचे मूळचे पाणी राहिले की उतरले, हे कोणी सांगावे? स्टिअरिंगचा कोणताही दांडा कापून मध्ये तुकडा घालून वेल्डिंग करणे तर मी निषिद्धच मानतो. पाटा तुटला तर गाडी बसते. ड्रॅग लिंक तुटली तर गाडी कोणाचीच राहत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे अधिक खाली झुकलेला पिटमन आर्म बसविणे. हा अगदीच त्याज्य नाही. पेटीकडील टोक खाली आले की दांड्याचा तिरपेपणा कमी होतो, हे बरोबर. परंतु तो हात जितका खाली लोंबतो तितका पेटीच्या दांड्यावर पीळ अधिक येतो, आणि खडकाळ वाटेवर आधीच कष्टी असलेल्या पेटीला तो सोसत नाही. इंच-दीड इंच उंच केलेल्या गाडीत चालावे. सहा इंचांत ही ठिगळपट्टी होय.

खरा उपाय दुसऱ्या टोकाला आहे. पेटी खाली आणण्याऐवजी चाकाकडील टोक वर न्यावे. नकलवर वरच्या अंगाने बसणारी उंच तरफ लावून, टाय रॉड व ड्रॅग लिंक दोन्ही पाट्यांच्या वरून न्यावेत. दांडा पुन्हा आडवा होतो आणि हिशेब पूर्वीच्या १.४ मिलिमीटरांवर येतो. दुसरा लाभ असा की टाय रॉड दगडांच्या पोचेपलीकडे जातो. मागे बसलेला टाय रॉड दगडावर आपटून वाकला की त्याची लांबी घटते, तरफांची टोके आत ओढली जातात आणि चाकांची पुढची टोके फाकतात. गाडी मग चिखलातल्या बदकासारखी चालते. रानात गेलेल्यांनी हे अनुभवलेले असते. खर्च या उपायाला अधिक आहे, कारण तरफ ओतीव वा घडीव आणि नेमक्या मापाची हवी, आणि तिचे बोल्ट उत्तम प्रतीचे हवेत.

ज्या गाड्यांत पाटे नसून गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, उदाहरणार्थ २०२३ साली आलेली जिम्नी, तेथे ॲक्सलला आडवे धरून ठेवणारा आणखी एक दांडा असतो. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचे एक टोक चॅसिसवर, दुसरे ॲक्सलवर. या गाडीत ॲक्सल स्वतःच कंसावरून फिरतो. म्हणून ड्रॅग लिंक आडवी आहे की नाही, यापेक्षा ती पॅनहार्ड रॉडला समांतर आणि जवळजवळ तितक्याच लांबीची आहे की नाही, हे महत्त्वाचे. दोघांचे कंस एक झाले तर चाकाला ओढ लागत नाही. एकाच दांड्याला खाली उतरविले आणि दुसऱ्याला तसेच ठेवले, तर पूर्वी नसलेला दोष नव्याने विकत घेतल्यासारखे होते. कर्ता-क्रियापदाचा संबंध मी वर सांगितला तो येथे सर्वांत उघड दिसतो.

आणखी एका कोनाबद्दल लिहिणे भाग आहे. सायकलचा पुढचा दांडा सरळ उभा नसून किंचित मागे रेललेला असतो. म्हणूनच चालत्या सायकलचे पुढचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीच्या नकललाही असाच रेललेपणा दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. जुन्या जीपगाड्यांत तो तीन अंशांच्या आसपास असे. पाटे वर बसविताना ॲक्सलवर नव्या बैठका वेल्डिंगने जोडाव्या लागतात, आणि त्या कोणत्या कोनात जोडल्या यावर कॅस्टर कायमचा ठरतो. म्हणून बैठका प्रथम टाक्यापुरत्याच जोडून, गाडी तिच्या पूर्ण भारासह चाकांवर उभी करून, कोन मोजून मगच पक्क्या कराव्यात. नुसती लांब शॅकल लावून गाडी उंच करणाऱ्यांनाही हे लागू आहे. जेथे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते तेथे ती लांब केली की ते टोक खाली जाते, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर घटतो. मग वळण झाल्यावर चक्र आपण होऊन परत येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते.

कॅस्टर बिघडलेला, सांधे ढिले आणि मोठी चाके तोल न साधलेली, असा त्रिवेणी संगम झाला की साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाला पुढची चाके थडथडा डावी-उजवीकडे हलू लागतात. गाडी थांबविल्यावाचून ती थांबत नाहीत. अशा वेळी स्टिअरिंग डॅम्पर नावाची दट्ट्याची नळी लावून देण्याचा प्रघात आहे. ती लक्षण दाबते, आजार तसाच ठेवते. ताप उतरविणारी गोळी देऊन वैद्याने घरी जावे, त्यातला हा प्रकार.

कायद्याचेही दोन शब्द. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ स्पष्ट केला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे खाजगी जमिनीवर किंवा स्पर्धेच्या आवारात खेळावयाची गाडी आणि आईवडिलांना कुलदैवताला घेऊन जावयाची गाडी या दोन वेगळ्या असाव्यात, हे बरे. ज्यांच्या घरी दोन गाड्या परवडत नाहीत त्यांनी उंचीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. ते तरुणांना आवडणार नाही, हे मी जाणतो.

आमच्या भगिनींच्या जिप्सीचे काम पुन्हा काढावयाचे असेल तर चिरंजीवांनी कारागिरापाशी उभे राहून काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. स्प्रिंगा मोकळ्या करून, ॲक्सल जॅकने तळापासून माथ्यापर्यंत इंचाइंचाने चढवीत, प्रत्येक उंचीवर चाक किती वळते ते मोजून घ्यावे. चक्र त्या वेळी बांधून ठेवावे. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ॲक्सल पूर्ण लोंबता आणि पूर्ण दबलेला अशा चारही स्थितींत दांडा पाट्याला, टायरला वा इंजिनच्या तळाला घासत नाही ना, सांध्याची गोळी तिच्या वाटीत अडत नाही ना आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. टो सर्वांत शेवटी लावावा, दोन-तीन मिलिमीटर आत. आधी लावला तर तो पुन्हा बिघडणारच. सांध्यांच्या कॉटर पिना नव्या घालाव्यात, एकदा उघडलेली पिन पुन्हा वाकवून घालू नये. आणि पाटे धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टांचे नट पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे बसले की ते हटकून सैल पडतात.